एक हाक अंतर

वनखात्याच्या कागदावर सगळं होतं. शिक्का होता, सही होती, खैरटोल्याच्या धानाचं रानडुकरांनी किती वाटोळं केलं त्याचा पंचनामा होता. फक्त आकडा नव्हता. ‘वस्तीपासून सुरक्षित अंतर राखून’ डुक्कर मारावं, असं लिहून साहेब मोकळे झाले होते. आता सुरक्षित म्हणजे किती, यावर गावात आठ दिवस भांडण पेटलं.

बंदूक होती नूरुद्दीनची. जवळच्या सावली गावच्या बाजारओळीत त्यांचं कुलपं नि स्टो दुरुस्तीचं दुकान. वडिलांपासून चालत आलेली एकनळी आणि तिचा परवाना, एवढीच काय ती मिरवायची इस्टेट. पंचक्रोशीत बंदूकवाले आणखी दोघे होते, पण खैरटोल्यानं यांनाच गळ घातली. कारण सरळ होतं. नूरुद्दीन डुकराला हातही लावायचे नाहीत, मग मटणाच्या लोभानं ते भलतीकडे बार काढतील ही भीतीच नको.

अंतर मोजायला टेप आणू, असं कोणी म्हणालं नाही. गावात लांबी हाकेनं मोजायची चाल होती. बोडी म्हणजे गावतळं दोन हाका, मामाचं गाव नऊ हाका. तेव्हा ठरलं की शेवटच्या घराच्या अंगणातून गावचा कोतवाल इतवारी हाक मारील आणि जिथं ती ऐकू येईनाशी होईल तिथून पुढं बंदूक चालवायची. दवंड्या देऊन इतवारीचा गळा असा तयार झाला होता की म्हशी वळून बघायच्या.

नूरुद्दीन म्हणाले, “दोन हाका ठेवा जी. छर्रा फाकते, त्याले हद्द नाई समजत.”

पण सरपंच लच्छूभाऊंचं सगळ्यात पिकाऊ धानाचं बांधाड गावाला लागून होतं. दोन हाका सोडल्या तर तेच उघडं पडत होतं. “दोन हाका म्हंजे डुकराइले आवतन देनं झालं,” ते म्हणाले आणि ऐकायला स्वतःच निघाले. इतवारी अंगणातून बोंबलत होता, लच्छूभाऊ बांधावरून चालत होते. मोहाच्या एका झाडाशी त्यांनी हात वर केला. ऐकू येत नाही म्हणाले. त्यांच्या मागं चालणाऱ्या नूरुद्दीनना हाक चांगली ऐकू येत होती. ते बोलले नाहीत. सरपंचाशी कशाला वाकडं घ्या, असा विचार त्यांनी केला आणि पुढं त्याच विचाराला आयुष्यभर शिव्या घातल्या.

मोहाला चुन्याचा पट्टा मारला गेला. पट्ट्याच्या पलीकडं कोणी जायचं नाही, अशी इतवारीनं चौकात दवंडी दिली. चौकात तेव्हा फक्त पुरुष होते.

पाचव्या दिवशी फटफटलं तेव्हा नूरुद्दीन मचाणावर बसून होते. धानात खसखस झाली. काळं काहीतरी हललं, मुसंडी मारून रायमुनियाच्या झुडपांकडं पळालं. त्यांनी बार काढला. नंतर बराच वेळ कान देऊन ऐकलं. ना डुकराचं किंचाळणं, ना काही.

जखमी डुक्कर तसंच सोडणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर बेतणं, म्हणून ते खाली उतरले. डुकराचे खूर सरळ जंगलात गेले होते, रक्ताचा थेंबही न सांडता. वाचलं बेटं, असं म्हणत ते वळले आणि झुडपाशी थबकले. तिथं वनस्पती तुपाचा एक जुना डबा आडवा पडला होता. त्याला दोन भोकं होती आणि भोकांखालची माती ओली होती. गवतावर रक्त होतं. ते रक्त जंगलाकडं गेलं नव्हतं, गावाकडं गेलं होतं.

नूरुद्दीननी डबा उचलला. थेंबांच्या मागोमाग ते पांदणीपर्यंत गेले. पुढं गुरं निघाली होती आणि सगळं तुडवलं गेलं होतं.

त्यांनी इतवारीला गाठलं. इतवारीनं डबा पाहिला आणि मान फिरवली. “असे डबे घरोघरी हायेत भाऊ. कोनाले विचारता? कोनी सांगन का?”

घरी बायकोनं, मलिकानं मात्र डबा हातात घेताच कपाळाला हात लावला. “अजी, बाईमानूस हाये ते. गावात आडोसा कुठी हाये? पट्ट्याच्या अलीकडची झुडपं त सरपंचानं कापून बांधाड केलं. बाया मंग कुठी जातीन?” मग हळू आवाजात म्हणाली, “छर्रा आंगात हाये तिच्या. पिकन. मरन ती, पन बोलनार नाई.”

तीन रात्री नूरुद्दीनना झोप लागली नाही. कुठल्या तरी घरात कुणीतरी दात आवळून भाकऱ्या थापत असेल, एवढंच डोळ्यांपुढं यायचं. चौथ्या दिवशी त्यांनी बंदूक एका हातात घेतली, डबा दुसऱ्या हातात, आणि शाळेपुढं ग्रामसभा मागितली.

पुरुष सतरंजीवर बसले. बाया शाळेच्या व्हरांड्यात डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहिल्या. नूरुद्दीननी डबा मधोमध ठेवला.

“हे माह्या बंदुकीचं काम हाये. एका बाईले लागलं. तिनं नाव नोको सांगू. फकस्त दवाखान्यात जावं, एवढंच म्हनतो. ठान्यात मी सोता सांगतो, परवाना जाओ का जेल होवो.”

कुजबुज उठली. परवाना गेला तर धानाचं काय, असं कुणी तरी म्हणालंच. लच्छूभाऊ उठले. “कायचं लागलं? कोन लंगडून राह्यलं का गावात? बार हद्दीच्या पलीकडं झाला. तिकडं आपल्या बाया जातच नाई. जनावरानं नेला असन डबा.”

एकदोघे हसले. नूरुद्दीनना संताप आला, पण पुरावा म्हणून दाखवायला त्यांच्याकडं तो डबाच होता. त्यांनी व्हरांड्याकडं पाहिलं. एकही पदर हलला नाही.

मग एक हलला. भागीरथा पुढं आली. लच्छूभाऊंची थोरली सून. चार दिवस सासऱ्याला ताट वाढत होती तीच. आता तिनं चाल लपवली नाही. डावा पाय ओढत ती सतरंजीपाशी आली, वाकून डबा उचलला आणि सरळ चालू लागली. पोटरीवर बांधलेली चिंधी भिजून काळी पडली होती. शेवटचं घर मागं पडलं, बांधाड मागं पडलं. सगळी सभा तिच्या मागं निघाली होती. चुन्याच्या पट्ट्याशी ती थांबली नाही. झुडपात शिरून वळली तेव्हा तिचा चेहरा तापानं लाल झाला होता.

“इतवारी भाऊ,” ती म्हणाली, “आता इथून हाक मारा. इथून मोजा.”

लच्छूभाऊ मोहाच्या झाडाला टेकून खाली बघत होते.

नूरुद्दीन पुढं झाले. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. “बाई, मी कान देऊन बसलो होतो वो. छर्रा लागला तवा ओरडल्या काऊन नाई?”

भागीरथानं पदर सावरला.

“ओरडली असती त सारं गाव धावून आलं असतं, भाऊ,” ती म्हणाली. “मी कशी बसली होती तिथी?”

मलिकानं सांगून ठेवलेली जीप पांदणीच्या तोंडाशी उभी होती. तिथपर्यंत भागीरथाला धरून नेलं ते बायांनीच. पुरुष पट्ट्याच्या अलीकडं उभे होते.