चौदा गुंठे

सुचिता मांडीएवढ्या खोल खड्ड्यात उतरून बाजूची माती बोटानं खरवडत होती, तेव्हा बांधाजवळ उद्धवची मोटारसायकल थांबली. उद्धव तिचा धाकटा भाऊ. त्याच्या हातात घडी घातलेला कागद होता. खड्ड्यातल्या बहिणीला तो द्यावा कसा हे न कळून तो काठावर नुसताच उभा राहिला.

"बाई, काऊन खोदून राह्यली येवढं?"

"माती किती खोल हाये ते पाहून राह्यली."

"बाबानं चाळीस वर्सं वाह्यलं हे वावर. त्यायले माहीत नव्हतं काय?"

"बाबानं कापसाची पऱ्हाटी लावली. मले भाजीपाला लावाचा हाये."

कागद हक्कसोडीचा होता. माघात वडील गेले आणि धामणगाव बढ्याच्या शिवारातल्या दोन एकरांना दोघा भावंडांची नावं लागली. नाल्याकडची एक एकर सुचिताच्या वाट्याची. गावात बहिणी वाटा घेत नाहीत. भावाला सही देतात, साडीचोळी घेतात आणि माहेर राखतात. सुचिताचा नवरा अकरा वर्षांपूर्वी गेला होता, मूलबाळ नव्हतं. ती सही देईलच, असं उद्धवनं धरलं होतं. शिवाय त्या तुकड्यात भाजी होत नाही, असं बियाण्याच्या दुकानदारानंही त्याला सांगितलं होतं. त्या दुकानदारानं जमीन कधी पाहिली, असं सुचितानं विचारलं. उद्धवनं कागद परत खिशात घातला आणि तो निघून गेला.

सुचितानं सत्तावीस वर्षं बुलढाण्याच्या एका माती परीक्षण प्रयोगशाळेत परिचर म्हणून काम केलं होतं. शेतकऱ्यांनी आणलेली माती सावलीत वाळवायची, लाकडी हातोडीनं कुटायची, चाळायची, पिशवीवर नाव लिहायचं आणि शेवटी बाटल्या धुवायच्या. घाटावरची काळी, घाटाखालची खारवट, डोंगरउताराची मुरमाड, अख्ख्या जिल्ह्याची माती तिच्या चाळणीतून गेली. साहेब लोक अहवाल लिहीत. ते शेतकऱ्यांना समजावून सांगत तेव्हा ही कोपऱ्यात बाटल्या विसळत ऐकत असे. मागच्या वर्षी ती निवृत्त झाली. नारळ दिला, शाल दिली. मातीतलं तुम्हाला काही कळतं का, असं मात्र इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

आता ती रोज बुलढाण्याहून पहिल्या बसनं येऊ लागली. एकरभरात तिनं नऊ खड्डे घेतले. वरच्या कोपऱ्यात वीतभर खाली मुरूम लागला. तिथं मूळ उतरायला जागाच नव्हती. नाल्याकडच्या पट्ट्यात खड्डा पाण्यानं भरला, तर ते पाणी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तसंच. तिथं वाळलेल्या मातीवर पांढरी पापडी धरलेली. ती तिनं बोटानं जिभेला लावली, खारट लागली तशी थुंकून टाकली. मधल्या पट्ट्यात माती दोन हात खोल होती, मुठीत दाबली की गोळा होई आणि अंगठा लावला की फुटे. भरलेलं पाणी संध्याकाळपर्यंत जिरलं. खालच्या ओलीत गांडुळंही निघाली.

नुसत्या मातीवर तिचं भागलं नाही. शेजारच्या शेतातल्या कडुनिंबांची सावली सकाळी कुठवर येते, तिथं तिनं खुंट्या ठोकल्या. पश्चिमेकडून झळ सरळ आत येते, म्हणजे त्या बांधावर आडोशाला शेवरीची झाडं लावायला हवीत. टोपल्यात वीस किलो दगड भरून, ते डोक्यावर घेऊन ती बसथांब्यापर्यंत चालून आली. बारा मिनिटं लागली. शेजारी रंगराव बांधावरून हे पाहत होते. दगड विकाले चालली काय, असं त्यांनी विचारलं. पालक कसा न्यायचा ते पाहतेय, असं ती म्हणाली. म्हातारा हसला नाही. पुढच्या खेपेला ते तिच्यासोबत थांब्यापर्यंत चालत आले.

नऊ खड्ड्यांची माती आणि विहिरीचं पाणी घेऊन ती प्रयोगशाळेत गेली. पिशवीवर नाव लिहिताना तिचा हात थांबला. हजारोंची नावं तिनं लिहिली होती, स्वतःचं पहिल्यांदाच लिहीत होती. मंजुश्री नावाची नवी तरुण अधिकारी तिला पाहून खुर्चीतून उठली आणि शुल्क राहू द्या म्हणाली. सुचितानं पैसे भरले, पावती घेतली आणि शेतकऱ्यांच्या बाकावर बसली.

अहवाल आला. विहिरीचं पाणी थोडं खारं होतं. मंजुश्रीनं लपवाछपवी केली नाही: कांदा, घेवडा यांच्या नादी लागू नका, पालक, बीट चालेल, शेणखत भरपूर घाला. सुचितानं काढलेल्या खड्ड्यांच्या नकाशावरून तिनं हिशोबही करून दिला: एकराच्या चाळीस गुंठ्यांपैकी भाजीपाल्याच्या कामाचे चौदा. सुचिताच्या मोजणीतही तेवढेच आले होते.

अहवालाचा कागद घेऊन ती उद्धवच्या घरी गेली. भावजय रेवतीनं साडी काढून ठेवली होती, कुंकवाची कोयरीही. सुचितानं दोघांना अहवाल वाचून दाखवला, खारं पाणी आणि मुरमासकट. उद्धवचा चेहरा हलका झाला.

"मी काय म्हनत होतो? सव्वीस गुंठे बेकार. चौदा गुंठ्यासाठी भाऊ तोडशीन काय, बाई?"

सुचितानं कागदाची घडी घातली.

"चौदा चांगले निघाले म्हनून मी सही नाकारून राह्यली असं नाही, उद्धव. चाळीसच्या चाळीस खराब निघाले असते तरी सही केली नसती. बाबाची लेक मीबी हाये. माहा वाटा चांगला हाये का वाईट, हे मी पाहीन."

"लोकं काय म्हनतीन?"

"म्हनू दे. सत्तावीस वर्सं लोकायची माती चायली म्या. आता माही चायते."

रेवतीनं साडी उचलून आत नेली. कोणी चहा विचारला नाही.

विहीर सामाईक होती, पण मोटर उद्धवची. दुसऱ्या दिवशी मोटरच्या पेटीला कुलूप लागलं. सुचितानं भांडण केलं नाही. बुलढाण्याची खोली सोडून, जिथं काही उगवणार नव्हतं त्या मुरमाच्या कोपऱ्यात तिनं पत्र्याची खोली उभी केली. रंगरावांकडून दोर मागून आणला. बादलीनं चौदा गुंठे भिजत नाहीत, हे तिला कळत होतं. तिनं दोनच गुंठे धरले. पावसाळ्यात हट्टानं नाल्याकडे वांग्याची वीस रोपं लावून पाहिली. ती आठवडाभरात सडली. तिनं वहीत तारीख टाकून तसं लिहिलं. पोळ्यानंतर मधल्या पट्ट्यात पालक पेरला. पहाटे आणि उन्हं उतरल्यावर बादल्या ओढल्या. तळहाताला फोड आले, फुटले, मग तिथं कातडी जाड झाली. उद्धव समोरच्या बांधावरून जाई आणि मान वळवून घेई.

दिवाळीत पालक वीतभर झाला, पानं रुंद आणि काळीशार हिरवी.

भाऊबीजेला तिनं सारवलेल्या ओट्यावर पाट मांडला, बाजूनं रांगोळी काढली, ताट तयार केलं. दिवस मावळला. रंगरावांच्या पत्नी रुक्मिणीबाई अनारसे घेऊन आल्या आणि तो रिकामा पाट पाहून थबकल्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, चांदोबाले ओवाळून घे, बाई. ज्याइले भाऊ नसते त्या तसंच करतेत.

"मले भाऊ हाये," सुचिता म्हणाली. "आला नाही, येवढंच."

निरांजन तिनं विझवलं नाही. तूप होतं तोवर ते जळलं.

सकाळी दव असतानाच तिनं पालक कापला. जुड्या बांधायला बसायला काहीतरी हवं होतं. पाट ओट्यावर तसाच मांडलेला होता. रांगोळी मोडणार नाही अशा बेतानं पाय जवळ घेऊन ती त्याच्यावर बसली, आणि पहिली जुडी बांधली.