लाल दोऱ्याची रिळं

माझ्या धाकट्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षी आमचं रेडिओ केंद्र बंद पडलं. त्या जुळ्यातली थोरली आता बावीस वर्षांची आहे आणि कॉलेजसाठी त्याच केंद्राचा इतिहास लिहिते आहे. मी तिथे सव्वीस वर्षं शिपाई होतो, म्हणून तिने सुरुवात माझ्यापासून केली.

"आजोबा, खरं सांगा, तुम्ही शिपाई होतात की साहेब? प्रत्येक गोष्टीत तुम्हीच!"

"किल्ल्या माझ्याकडे असायच्या. आता तूच ठरव."

ती हसली. मग म्हणाली, "बाईंकडे जाऊन आले."

बाई म्हणजे आमच्या निवेदिका. वीस वर्षं त्यांच्या आवाजाने गाव उठत असे. गेल्या वर्षी घशाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता त्या पाटीवर लिहून बोलतात. डॉक्टरांनी थोडेच दिवस सांगितलेत. नातीला त्यांनी लिहून दिलं होतं: माझा आवाज एकदा ऐकायचाय. जपून ठेवलेली टेपची रिळं असतील.

"वाचनालयाच्या तळघरात केंद्राची सातशे रिळं पडून आहेत," नात म्हणाली. "तुम्ही चला. तुम्हाला ओळखू येतील."

"आधी तुझा रेकॉर्डर चालू कर," मी म्हणालो आणि तिला सांगायला लागलो.

रिळं महाग, त्यामुळे दर शनिवारी जुनी रिळं चुंबकाच्या यंत्रावर पुसून पुन्हा वापरायची. ते काम माझं. तेव्हा मला अक्षर कळत नव्हतं, म्हणून जे ठेवायचं त्या रिळाला बाई लाल दोरा बांधत. दोरा नसेल ते पुसायचं. अकरा वर्षं एकही चूक झाली नाही.

मग नवे साहेब आले. तपासणी होती. कपाट उघडून म्हणाले, "ही रिळं आहेत की गाठोडी? काढा ते दोरे. लेबलं आहेत ना? वाचता येतं ना तुम्हाला?"

चार माणसं उभी होती. मी म्हणालो, "येतं की!"

दोरे काढले. शनिवारी कपाटासमोर उभा राहिलो. बाई रजेवर होत्या. इंजिनियर शेजारच्या खोलीत होता. एक हाक मारली असती तरी भागलं असतं. मारली नाही. धूळ बसलेली ती नको असलेली, असा अंदाज केला. पण ठेवायच्या रिळांना कोणी हात लावत नसे, म्हणून धूळ त्यांच्यावरच होती. चौतीस रिळं पुसली आणि कोणालाच सांगितलं नाही. सत्तेचाळीसाव्या वर्षी वाचायला शिकलो, तेव्हा गुपचूप जाऊन त्यांच्या डब्यांवरची जुनी लेबलं वाचली. एकोणतिसांवर बाईंचं नाव होतं.

हे ऐकून नातीने रेकॉर्डर बंद केला. "मग मी बाईंना काय सांगू?"

"तू नको. मी सांगतो."

बाई खिडकीशी बसल्या होत्या, गळ्याभोवती सुती फडकं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी पाटीवर लिहिलं. मी वाचलं: इंजिनियर शेजारीच होता?

"होता, बाई."

पुसून पुन्हा लिहिलं: विचारलं का नाहीस?

"लाज वाटली."

त्यांनी पाटी मांडीवर पालथी ठेवली आणि बाहेर बघत राहिल्या. त्यांची जाऊ चहा घेऊन आली. "अहो, बसा की, उभे का?" असं दोनदा म्हणाली. मी बसलो नाही.

नातीने तरीही तीन आठवडे तळघरात काढले. बाई केंद्र बंद पडायच्या आठ वर्षं आधीच निवृत्त झाल्या होत्या आणि नंतरही तीच रिळं पुसून वापरली गेली होती. जी रिळं वाजली त्यांत नंतरच्या लोकांचे आवाज होते, बाजारभाव होते. बाईंचा एक शब्द सापडला नाही.

"आजोबा, हे इतिहासात लिहू?"

"लिही. माझं नाव घालून लिही."

बाईंना मी पुन्हा भेटलो नाही. फेब्रुवारीच्या नऊ तारखेला, सोमवारी सकाळी, त्या वारल्या.