माहेरचं मशीन

आमच्या सरदारजींना जुन्या शिलाई मशीनचं वेड आहे. लुधियान्याच्या आसपास लोक मशीनचे सुटे भाग बनवून पोट भरतात. आमचे हे रिटायर झाल्यापासून लोकांनी टाकलेली मशीनं आणून माझं घर भरतात. जिन्याखाली मशीन, गव्हाच्या कोठीवर मशीन, दिवाणाखाली मशीन. रॉकेलच्या वासानं पाहुणे येईनासे झालेत, तेवढा एक फायदा. पण एक मान्य करते. गुरनेकसिंग माणसांबद्दल हव्या तितक्या थापा मारतील, मशीनबद्दल कधी नाही. भंगार असेल तर मालकाच्या तोंडावर भंगार म्हणतात.

म्हणूनच यंदा थंडी सरल्यावर रजया आत ठेवताना मोठ्या पेटीमागे माझं मशीन सापडलं, तेव्हा ते ह्यांना दाखवावं की नको, असं मला झालं.

ते माझ्या लग्नातलं. हातानं फिरवायचं, काळंभोर, अंगावर सोनेरी मोर. बाऊजींनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शहरात दुकानं पालथी घालून ते निवडलं आणि सायकलच्या कॅरिअरला बांधून, शेजारून चालत गावी आणलं. लग्नानंतर रीतीप्रमाणे मी काही महिने माहेरी राहिले, मशीन सासरीच होतं. परत येऊन बघते तर चाक जागचं हलेना. बेबे, म्हणजे माझ्या सासूबाई, गल्लीभर सांगत सुटल्या, "सुनेच्या बापानं मुकं मशीन गळ्यात मारलं." बाऊजी बदलून द्यायला आले, हात जोडून दारात उभे राहिले. बेबेंनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं. लस्सीसुद्धा विचारली नाही. बाऊजी जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण त्यांची पाठमोरी सायकल आठवली की मला अजून राग येतो. मशीन भंगारात गेलं असंच मी समजून होते.

"सरदारजी, जे निघेल ते खरं सांगायचं," मी म्हटलं.

"मशीनबद्दल मी खोटं बोलतो का?"

बोलत नाहीत, हीच तर भीती होती. बाऊजींना खरंच कुणी फसवलं असलं तर ते आता मला ऐकावं लागणार होतं.

अंगणात ह्यांनी मशीनची वरची पट्टी काढली, आत बोट फिरवलं, नखानं काहीतरी खरवडलं. मग खाटेवर पडलेल्या बेबेंकडे बघितलं.

"गंज आहे," हे म्हणाले.

"बघू."

"बघायचंय काय त्यात? तू चहा टाक."

माझ्याकडे न बघता बोलले, तेव्हाच मी ओळखलं, ही थाप. मी तिथून हललेच नाही. मग नाइलाजानं ह्यांनी लेकीचा केस वाळवायचा ड्रायर आणला आणि गरम वारा आत सोडला. थोड्या वेळानं वास सुटला. साग, म्हणजे आमची पालेभाजी, फोडणीला टाकावी तसा.

"काय तळताय रे?" बेबेंनी विचारलं.

"काही नाही, बेबे."

"मला शिकवू नकोस. मोहरीचं तेल आहे ते."

मी वाकून बघितलं. आत सगळीकडे पिवळा, चिकट थर वितळत होता.

"बेबेजी, हे तेल माझ्या मशीनमध्ये कसं गेलं?"

"कसं म्हणजे? मीच घातलं. नवी सून दारात आली की उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना तेल सोडतात ना? तुझ्याबरोबर मशीनही आलं. त्या बिचाऱ्याला कोरडंच कसं आत घ्यायचं? अंगाला एवढी भोकं, सगळ्यांत घातलं. तू माहेरी गेलीस तरी घालत होते. सुनेची वस्तू, आबाळ नको."

"बेबे," हे हळूच म्हणाले, "मोहरीचं तेल वाळलं की डिंक होतो. सगळं आतून चिकटलं."

बेबे खाटेवर उठून बसल्या.

ह्यांनी रॉकेलनं सगळं धुतलं, मशीनचं तेल दिलं आणि चाक फिरवलं. फिरलं. मी जुन्या सलवारीचा तुकडा सुईखाली धरला. टीप अशी सरळ पडली की हे तिच्यावर बोट फिरवतच बसले.

"अव्वल मशीन आहे. बाऊजींनी पारखून घेतलं होतं."

मला रडू आवरेना.

"रडतेस कशाला? भांड," बेबे म्हणाल्या. "इतकी वर्षं मी बोलले, आज तुझी पाळी."

मी ओढणीनं डोळे पुसले. "उद्या भांडते," मी म्हटलं.

"उद्या मला वेळ नाही."

खरंच नव्हता. दुसऱ्या दिवशी बेबेंनी खाट गल्लीत काढायला लावली, मशीन शेजारी ठेवून घेतलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून सांगू लागल्या, "हिच्या बापानं चांगलंच दिलं होतं. बिघडवलं मी." दूधवाल्याला सांगितलं. माझ्या लग्नाच्या वेळी जन्मल्याही नव्हत्या अशा पोरींना सांगितलं. मी म्हटलं, "पुरे आता, बेबेजी."

"गल्लीत बोलले होते, गल्लीतच मागे घेणार."

संध्याकाळी हे मशीन आत आणायला निघाले, तर बेबे दारात तेलाची बाटली घेऊन उभ्या. ह्यांनी घाईघाईनं मशीन छातीशी धरलं, वरून उपरणं टाकलं.

"बेबे, पुन्हा नाही हं."

"बाजूला हो. मशीनसाठी नाही." त्यांनी भिंतीला धरून उंबऱ्याच्या एका बाजूला तेल सोडलं, मग दुसऱ्या. "हे हिच्या बापासाठी. त्या दिवशी दारातूनच परत पाठवला होता."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लस्सी कर. दोन पेले. त्याचा एक, माझा एक."