तेल दिलेलं पिस्तूल

शेजारच्या होल्कम्बांच्या घरी भरदिवसा चोरी झाली, तेव्हापासून आर्लन फिचची झोप जी उडाली ती काही परत आली नाही. तसा तो मुळातच धास्तावलेल्या स्वभावाचा; कुलूप लावून झाल्यावरही दार ओढून बघणारा, शेगडी बंद केली की नाही म्हणून अर्ध्या रस्त्यातून मागे फिरणारा. गालिच्यांच्या दुकानात आयुष्य काढलेल्या या अबोल माणसाने एका सकाळी नाश्ता करताना आपण पिस्तूल घेणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्याची बायको नॅडीन हातातली कॉफी सांडेपर्यंत हसली.

"तू? अरे, गेल्या उन्हाळ्यात घरात वटवाघूळ शिरलं, तेव्हा न्हाणीघराला आतून कडी लावून कोण बसलं होतं?"

"चोर म्हणजे वटवाघूळ नव्हे."

"तेच म्हणतेय मी. चोराला निदान दार उघडून बाहेर जाता येतं."

वेस्ट व्हर्जिनियातल्या त्या डोंगराळ गावात बंदूक नसलेलं घर शोधावं लागलं असतं, त्यामुळे लोवेलच्या बंदुकांच्या दुकानात आर्लनला पाहून कुणाला नवल वाटलं नाही. नव्या पिस्तुलांच्या किमती ऐकून तो काउंटरपासून मागे सरकला, तेव्हा लोवेलने खालून एक लाकडी खोकं वर घेतलं. युगोस्लाव्हियाच्या सैन्याने कधीकाळी वापरून गोदामात टाकलेली, आणि तो देशच उरला नसल्यामुळे आता स्वस्तात विकली जाणारी पिस्तुलं होती ती; मेणासारख्या घट्ट, पिवळट ग्रीसमध्ये बुडवून ठेवलेली.

"निम्म्या किमतीत मिळतंय म्हणून नाक मुरडू नकोस," लोवेल म्हणाला. "ही कपाटात मिरवायला केलेली नाहीत. चिखलात टाक, उचल, झाड. तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त टिकतील."

आर्लनने एकेक हातात घेऊन पाहिलं. त्यांतल्या एकाचा काळा मुलामा घोड्याशेजारी अंगठ्याएवढा झिजून खाली पांढरं पोलाद उघडं पडलं होतं, आणि आर्लनचा अंगठा त्या जागी असा काही बसला, की त्याने पुढची पाहिलीच नाहीत. कागदावर सही झाली, लोवेलने फोनवरून त्याची माहिती पडताळून घेतली, आणि ते पिस्तूल एका तडकलेल्या चामड्याच्या होल्स्टरसकट त्याच्या घरी आलं.

पहिल्याच दिवशी त्याची फजिती झाली. पुस्तिकेतली चित्रं पाहत, थिनरने ग्रीस पुसत त्याने ते कसंबसं सुटं केलं, पण जोडताना स्प्रिंग निसटून फ्रिजखाली गेली. नॅडीनने झाडूच्या दांड्याने ती बाहेर काढून दिली आणि म्हणाली, "चोर आलाच तर त्याला जरा बसायला सांगू. म्हणावं, साहेब जोडतायत."

नंतरच्या शनिवारी तो गावाबाहेरच्या मैदानावर नेम धरायला गेला. नेम कुठलाच लागला नाही, कानांना मात्र दडे बसले. घरी येऊन, पिस्तूल उद्या साफ करू असं म्हणत त्याने ते कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिलं आणि आरामखुर्चीत अंग टाकलं. दुसऱ्या दिवशी थिनर आणि चिंध्या घेऊन तो बसला, तेव्हा पिस्तूल साफ होतं. नळीत दारूचा कण नव्हता, प्रत्येक सांध्याला तेलाचा हात इतका हलका फिरला होता की बोटाला ते लागतही नव्हतं.

"नॅडीन, याला तू हात लावलास का?"

"मी कशाला लावू? काल संध्याकाळी तूच तर बसला होतास."

नॅडीन भांडी विसळता विसळता थांबली आणि त्याच्याकडे वळली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर त्याने कित्येक वर्षांत न पाहिलेलं काहीतरी होतं.

"खरं सांगू? पिस्तुलाकडे तू बघतसुद्धा नव्हतास. हात आपले चाललेले, आणि डोळे माझ्याकडे. ती बर्फातल्या पुलाची गोष्ट... इतकी वर्षं का नाही सांगितलीस रे मला?"

आर्लनने आयुष्यात कुठल्याही पुलाची गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. सैन्यात तो कधी गेला नव्हता. तो तसं म्हणणारही होता. पण तिच्या गालांवर चढलेला रंग पाहून त्याच्याने ते म्हणवलं नाही, आणि ती क्षणभराची माघार त्याला पुढे फार महागात पडली.

कारण तशा संध्याकाळी वाढत गेल्या. तो कामावरून यायचा, खुर्चीत बसायचा, आणि मग एकदम सकाळ व्हायची. मधलं सगळं कुणीतरी कात्रीने कापून नेल्यासारखं. वडिलांचं म्हातारपणी सारं विसरणं आठवून तो डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, प्रकृती उत्तम आहे म्हणून पाठीवर थाप मारली. घरात मात्र नॅडीन कानातलं घालू लागली होती. स्वयंपाक करताना एक अनोळखी चाल गुणगुणायची. एकदा तिने कोबीच्या पानांत मांस गुंडाळून केलेला पदार्थ समोर ठेवला आणि उत्सुकतेने विचारलं, "जमलंय? तू सांगितलंस तस्साच केलाय."

त्याने घास घेतला. आंबट, धुरकट चव होती. "जमलंय," तो म्हणाला.

आपल्याच घरात आपल्याला माहीत नसलेल्या माणसाचा मत्सर कसा करावा, हे त्याला कळत नव्हतं. एका रविवारी दुपारी नॅडीन त्याच्याजवळ येऊन बसली आणि लाडाने म्हणाली, "परवासारखं बोल ना काहीतरी." त्याने मनाचा हिय्या केला आणि शाळेत असताना नदीवर मासे पकडायला गेलेल्या दिवसाचं सांगू लागला; अडखळत, मधेच मागे जात, माशाचा आकार दोनदा बदलत. ती ऐकत होती. पाहुण्याचं ऐकावं तशी, मान हलवत. मग त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच तिने त्याच्या गुडघ्यावर हलकेच थोपटलं आणि कपडे वाळले का ते बघायला उठून गेली.

ते थोपटणं आर्लनला सहन झालं नाही.

पुढच्या शनिवारी त्याने पिस्तूल होल्स्टरमध्ये घातलं, गोळ्यांचं मॅगझिन वेगळं केलं आणि नॅडीनला काही न सांगता लोवेलचं दुकान गाठलं.

"विकायचंय," तो म्हणाला.

लोवेलने चष्मा कपाळावर चढवला. "चेष्टा करतोस काय? परवा मैदानावर सगळे आपापली नेमबाजी सोडून तुझ्यामागे उभे होते. नॅडीन तर लहान पोरीसारखी टाळ्या वाजवत होती. कुठे लपवून ठेवला होतास असला हात?"

आर्लनने काउंटरची कड घट्ट धरली. "घेतोस की नाही?"

"घेईन की. पण तूच सांगून गेला होतास." लोवेल हसत होता, पण ते हसू त्याच्या डोळ्यांपर्यंत पोचत नव्हतं. "जाताना मागे वळलास आणि म्हणालास, मी कधी हे विकायला आणलं, तर माझं ऐकू नकोस."

"आज मी सांगतोय ते ऐक."

लोवेलने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग त्याने पिस्तूल उचललं, चाप ओढून पाहिला, आणि मुकाट्याने ते खोक्यातल्या बाकीच्या पिस्तुलांशेजारी ठेवून दिलं.

परतताना आर्लनला कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेता आला. ऑक्टोबरचं ऊन मेपलच्या पानांवर पसरलं होतं, होल्कम्बांच्या अंगणात कुणीतरी पाला गोळा करत होतं, जग जिथल्या तिथे होतं. नॅडीनला आज सगळं सांगायचं, त्याने ठरवलं. ती रागावेल, रडेल; पण मग निदान दोघंच असू. पायऱ्या चढून तो दाराशी आला, खिशातून किल्ली काढली आणि तसाच थांबला.

आत नॅडीन बोलत होती. फोनवर नव्हे, फोनवरचा तिचा आवाज वेगळा, थोडा चढा असायचा. हा आवाज खालचा होता, रेंगाळणारा. ती काहीतरी विचारत होती, मग समोरच्याचं उत्तर ऐकण्यापुरती गप्प राहत होती, आणि मग हसत होती. दुसरा आवाज दाराबाहेर येत नव्हता. त्याच्यासाठी तिने सोडलेली जागा तेवढी ऐकू येत होती. स्वयंपाकघरातून तेलाचा वास येत होता, खाण्याच्या नव्हे, पिस्तुलाच्या.

आर्लनने किल्ली कुलपाजवळ नेली. आणि मग, का ते त्याला सांगता आलं नसतं, त्याने ती खिशात परत ठेवली आणि स्वतःच्याच घराची बेल दाबली.

आतलं हसणं थांबलं. टेबलावर काहीतरी जड, लोखंडी, सावकाश ठेवल्याचा आवाज आला.

"अरे, बघ ना जरा," नॅडीन आतूनच कुणाला तरी म्हणाली, "कोण आलंय ते."

खुर्ची मागे सरकली. निवांत पावलं दाराच्या दिशेने येऊ लागली, आणि पायपुसण्यावर उभ्या असलेल्या आर्लनने नकळत डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.