डोर्टेने बाहेर बसावे, असा ठराव

आमच्या नॉरेव्हिग आइस हॉकी क्लबात आधी कॉफी, मग केक आणि मग हात वर करून मतदान, याशिवाय काहीही ठरत नाही. मैदानाचा बर्फ खरवडून सपाट करणाऱ्या बर्फगाडीला कुठला रंग द्यायचा, सॉसेजवर तळलेला कांदा आम्ही घालायचा की गिऱ्हाइकाला घालू द्यायचा, सगळ्याला मतदान. त्यामुळे मला हॉलबाहेर काढायचं ठरलं, तेही रीतसरच ठरलं. केक माझाच होता.

झालं असं की, बाद फेरीच्या पहिल्या सामन्यात मी कचऱ्याची पिशवी टाकायला बाहेर गेले आणि आमच्या पोरांनी गोल केला. दुसऱ्या सामन्यात कुणाची तरी वाट अडली म्हणून गाडी हलवायला गेले, तेवढ्यात दोन. तिसऱ्यात मी हौसेने नवा मफलर गुंडाळून पहिल्या रांगेत बसले. चार-शून्य. हरलो.

हे ग्रेटेच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. ग्रेटे चौऱ्याहत्तर वर्षांची, कॉफी-सॉसेजच्या स्टॉलची मुख्य आणि क्लबच्या इतिहासाची एकटी मालकीण. १९५६ साली मासळीच्या कारखान्यातल्या माणसांनी गोठलेल्या बंदरावर पहिला सामना खेळला, तिथपासूनचं सगळं तिच्या अकरा वह्यांत आहे. १९६३ साली खेळायची चकती बर्फाच्या भेगेतून समुद्रात गेली आणि दुसरी नव्हती म्हणून सामना थांबला, हेसुद्धा. तिने सभेत पाचवी वही उघडली. १९८१ साली, म्हणजे आम्ही एकदाच सुवर्णपदक जिंकलो तेव्हा, बेकरीवाला होल्गर अख्खी अंतिम फेरी कोट टांगायच्या खोलीत बसून होता. तो डोकावला की आपल्यावर गोल बसायचा.

"म्हणजे ही आपली जुनी पद्धतच आहे," ग्रेटे चष्म्यावरून बघत म्हणाली.

अकरा हात वर गेले. त्यात एक माझा होता. सगळ्यांचे हात वर असताना आपलाच खाली ठेवून बसायचं, कसंतरीच वाटतं. शिवाय सुवर्णपदक मलाही हवं होतं. खेळाडूंचा प्रतिनिधी म्हणून आलेला माझा भाऊ आस्गर तेवढा तटस्थ राहिला आणि केकचा दुसरा तुकडा खात बसला.

आता खरं दुखणं सांगते. आस्गर माझ्याहून सोळा वर्षांनी लहान. आई पहाटेच्या पाळीला कारखान्यात जायची, त्यामुळे त्याला पहिल्यांदा बर्फावर मी उभं केलं, स्वयंपाकघरातली खुर्ची हातात देऊन. तो ढकलत पुढे, मी मागे त्याच्या जाकिटाला धरून. तो बचावफळीत खेळतो. अडवायचं, ढकलायचं, मार खायचा. पंधरा हंगामांत त्याने नऊ गोल केले होते आणि त्यातला एकही मी पाहिला नव्हता. मी ग्रेटेच्या हाताखाली स्टॉलवर असते, आणि तिथे बर्फाकडे पाठ असते. तो गोल करायचा तेव्हा मी नेमकी कुणाच्या तरी कपात दूध ओतत असायची. आरडाओरडा झाला की वळायची, तोवर तो पोरांच्या ढिगाखाली गाडलेला असायचा. यंदा त्याचे दोन्ही गुडघे संपले. हा शेवटचा हंगाम. एप्रिलनंतर तो लोकांच्या घरचे नळ दुरुस्त करणार होता. नळ मी बघेन हो, पण मला एक गोल बघायचा होता.

आणि हा गडी, मला बाहेर बसवल्यापासून तीन गोल करून बसला. एका महिन्यात. मी विचारलं, आता तरी मी आत येऊ का. त्याने बराच वेळ बुटाची नाडी सारखी केली.

"डोर्टे, तू बाहेरच बस ना," तो म्हणाला.

बसले. हॉलच्या मागे बर्फगाडी जिथे खरवडलेला बर्फ आणून ओतते, तिथे घडीची खुर्ची, घोंगडी आणि थर्मास घेऊन. सोबतीला गाडी चालवणारा विगो. त्याला आतल्या गोंगाटावरून सगळं कळतं. हा आपला फटका, ही त्यांची शिट्टी, हे पंचाला उद्देशून आहे, ते तू ऐकू नकोस. मी त्याच्या कानांनी उपांत्य फेरी जिंकले. अंतिम फेरीतही ब्रेडहोल्मच्या संघाशी तीन-तीन सामन्यांची बरोबरी त्याच्याच कानांनी केली.

सातवा सामना आमच्याकडे होता, रविवारी दुपारी तीनला. ऊन छान पडलेलं. साठ मिनिटं संपली तेव्हा दोन-दोन. मग जादा वेळ, वीस मिनिटांचा. कुणी गोल केला की तिथेच खेळ संपणार. कुणीच केला नाही. विगोने गाडी फिरवून बर्फ सारखा केला आणि खरवड माझ्या शेजारी ओतली. दुसरी वीस मिनिटं. पुन्हा काही नाही. पुन्हा विगो, पुन्हा खरवड. हिवाळाभर साठलेला तो ढीग आता माझ्या दीडपट उंच झाला होता, आणि त्याचा माथा हॉलच्या भिंतीतल्या हवेच्या जाळीला टेकला होता. जाळीच्या पट्ट्या तिरप्या. पट्ट्यांच्या मधून पिवळा उजेड येत होता.

आत तिसरी वीस मिनिटं सुरू झाली. मी ढिगाकडे बघितलं. विगोने माझ्याकडे बघितलं.

"ती जाळी गोलच्या बरोब्बर मागे उघडते," तो म्हणाला. "मी आपलं सांगून ठेवलं."

मी म्हटलं, हरलो तर गाव मला जिवंत ठेवणार नाही. विगो म्हणाला, गाव कशाला, ग्रेटे एकटी पुरे आहे. मग तो आपल्या गाडीकडे तोंड करून उभा राहिला आणि आधीच चकचकीत असलेला तिचा आरसा पुसायला लागला.

बावन्नाव्या वर्षी ओल्या बर्फावर चढणं म्हणजे काय, ते चढल्याशिवाय कळत नाही. गुडघे, कोपर, हनुवटी, सगळं कामाला लावलं. एकदा अर्ध्यावरून खाली आले, तर विगोने माझ्याकडे न बघता मागच्या मागे पाठीला हात देऊन परत वर लोटलं. शेवटी जाळीला बोटं अडकवली आणि डोळा लावला.

पहिली गोष्ट दिसली ती ब्रेडहोल्मच्या पोराने लांबून, पार पलीकडच्या टोकाला, आमच्या गोलवर मारलेली चकती. खांबावर टण्णकन आवाज झाला. अख्ख्या हॉलने श्वास घेतला. मी डोळे घट्ट मिटून घेतले.

तशीच लोंबकळत राहिले. ग्रेटेच्या वह्या आठवल्या, होल्गर आठवला, त्या कोटांच्या खोलीत बसलेला. त्याला कधी बघावंसं वाटलं नसेल का? मग खालून, अगदी जवळून, स्केटचा खर्र-खर्र आवाज आला. एक लांब, एक आखूड. डावा पाय चोरणारा. हा आवाज मला झोपेतही ओळखू येईल. होऊ दे काय व्हायचं ते, म्हटलं, आणि डोळे उघडले.

आस्गर माझ्या समोर होता. ब्रेडहोल्मचा गोलकीपर माझ्याकडे पाठ करून, त्याच्या पलीकडे दोघं-तिघं एकमेकांत अडकलेले, आणि त्यांच्या मधून माझा भाऊ येत होता, चकती काठीला लागलेली, चेहरा लालबुंद. त्याने काठी मागे नेली. आणि फटका मारायच्या क्षणी त्याने डोळे मिटले. गच्च मिटले, नाकाला सुरकुत्या पडेपर्यंत. चार वर्षांचा असताना इंजेक्शन घेताना मिटायचा तसे.

चकती कुणाच्या तरी पोटरीला लागली, उडाली, गोलकीपरच्या खांद्यावरून डुलत डुलत आली आणि जाळ्यात पडली. माझ्या नाकासमोर.

मी काय ओरडले मला माहीत नाही. हात सोडले एवढं खरं. पाठीवर आडवी होऊन अख्खा ढीग घसरत खाली आले, घोंगडी, थर्मास आणि विगो यांना सोबत घेऊन. आम्ही दोघं डबक्यात बसून हसत होतो. आत तीन हजार माणसं ओरडत होती आणि विगोला या एका आवाजाचा अर्थ सांगावा लागला नाही.

स्टॉलवर मला खांद्यावर घेऊनच नेलं. मी ओलीचिंब का, असं एकानेही विचारलं नाही. ग्रेटेने बारावी वही उघडली होती. तिने सगळ्यांना गप्प केलं आणि वाचून दाखवलं, की ठरावाप्रमाणे डोर्टे शेवटपर्यंत बाहेर बसली, आणि तिच्या या त्यागाबद्दल क्लब तिचा ऋणी आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बेकरीवाल्याच्या मुलीने माझा मुका घेतला. विगो छताकडे बघत होता.

आस्गर गळ्यात पदक घालून टेबलावर बसला होता आणि चौथ्यांदा सांगत होता, की गोलकीपरचा वरचा कोपरा उघडा दिसला, एका नजरेत अंतर मोजलं आणि चकती तिथेच उचलून टाकली. पोरं माना डोलावत होती. मला बघून तो खाली उतरला, घामट डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं.

"तुला बघता आला नाही," तो म्हणाला. आवाज खरोखर पडलेला होता.

मी त्याच्या हातात सॉसेज दिलं, कांदा मीच घातला, आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"तूही नाही बघितलास. डोळे मिटून मारलास."

सॉसेज त्याच्या घशात अडकलं. पाठीवर दोन धपाटे घातले तेव्हा कुठे श्वास लागला. डोळ्यांत पाणी. त्याने माझ्याकडे बघितलं, माझ्या भिजलेल्या पाठीकडे बघितलं, विगोकडे बघितलं. मग त्याचा चेहरा असा उजळला, की पदक घेतानाही तसा उजळला नसेल. त्याने मला इतकं आवळलं की पदक माझ्या बरगडीत रुतलं.

आणि माझ्या डोक्यावरून तो स्टॉलकडे ओरडला, "ग्रेटे, ते पक्क्या शाईने लिही हं. डोर्टे बाहेर होती. तिने काहीच पाहिलेलं नाही."