पटावरचं नाव

“चहा न्हाई घरात, गूळपाणी घ्या,” धुरपताबाई म्हणाल्या आणि त्यांनी तांब्या प्रोफेसर शिवमूर्तींपुढं सरकवला. पिंगळीच्या स्टेशनावर उतरून ते थेट इथं आले होते, आपल्या मेलेल्या विद्यार्थ्याच्या आईकडं.

शिवमूर्ती सोनपेठच्या किराणा दुकानदाराचे चिरंजीव. दुकान सोडून ते हैदराबादेत अणूच्या पोटातलं गणित कागदावर मांडत आणि पदार्थविज्ञान उर्दूतून शिकवत. आश्रुबा त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. फळा गणितानं भरत आला की मागच्या बाकावरून शांत आवाज यायचा, “सर, तिसऱ्या ओळीत चिन्ह चुकलं.” बहुतेक वेळा ते खरंच चुकलेलं असायचं.

अडतीस साली वसतिगृहात देशाचं गाणं म्हटलं म्हणून आश्रुबासकट काही मुलांची नावं पटावरून काढायची ठरली. यादीवर विभागप्रमुखाची सही लागत होती. विभागप्रमुख होते शिवमूर्ती; त्यांनी ती केली. आपण नसती केली तर दुसऱ्यानं केली असती, असं ते दहा वर्षं स्वतःला समजावत आले. न कुरकुरणारा माणूस वरच्यांना आवडतोच. ते वॉर्डन झाले, मग उपप्राचार्य. गणित मात्र सुटलं. वही उघडली की पाठीमागून तो आवाज यायचा, आणि चूक काही केल्या सापडायची नाही. मग बिचारे फायली ओढून बसत. फायलीतली चूक साहेबाला कोण दाखवणार?

आश्रुबा गावी येऊन शेती करू लागला. यंदा निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात गोळी लागून गेला. ती बातमी आल्यापासून तो आवाज भर मीटिंगमध्येही येऊ लागला. गेल्या महिन्यात निजामाचं राज्य गेलं आणि नव्या सरकारनं शिवमूर्तींना प्राचार्य नेमलं. खुर्चीवर बसायची त्यांना भीती वाटत होती.

“मावशी, त्या यादीवर माझी सही होती,” ते एकदाचे बोलले.

“ठाऊक हाय. त्यानंच सांगितलं होतं. म्हणला, सर भ्याले, पण माणूस वाईट न्हाई.”

शिवमूर्तींना रडू आवरेना. धुरपताबाईंनी त्यांना रडू दिलं.

“माफी मागायला आलात का?”

“व्हय.”

“माफी घिऊन मी काय करू? आता तुमी मोठे साहेब झालात न्हवं? मग त्याचं नाव परत लावा.”

“तो राहिला न्हाई, मावशी. मेलेल्याचं नाव कसं लावायचं?”

“जित्त्याचं काढलंच की तुमी.”

गूळपाणी तसंच ठेवून ते उठले.

सोमवारी नवे प्राचार्य पदार्थविज्ञानाच्या वर्गावर स्वतः गेले. हजेरीपटात शेवटी त्यांनी आपल्या हातानं एक नाव लिहिलं आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली. मुलं भराभर ‘हाजिर’ म्हणत होती. शेवटी त्यांनी आश्रुबाचं नाव पुकारलं. मुलं एकमेकांकडं बघू लागली. शिवमूर्ती मागच्या बाकाकडं पाहत बराच वेळ थांबले.

मग त्यांनी त्या नावापुढं लिहिलं, गैरहाजर.