करदोड्याची गाठ

मच्छिंद्रचा करदोडा विठाबाईनंच सैल करून दिला होता. जुनी गाठ सोडून तिनं टोकाकडं नवी मारली आणि बोट घालून पाहिलं, "आता काचत न्हाय ना?" त्र्याहत्तरच्या दुष्काळातला उन्हाळा. तामलवाडीतल्या बैलांच्या बरगड्या लांबून दिसायच्या, आणि तिच्या नवऱ्याला करदोडा काचत होता!

हे सगळं बीडी सुटल्यामुळं झालं होतं. खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा तुळजापूरचा डॉक्टर खेकसला, "बीडी नाहीतर संसार, एकच काय ते ठेव." मच्छिंद्रनं बंडल चुलीत टाकलं. पण रिकामं तोंड त्याला बसू देईना. तलफ आली की तो भाकरी मागायचा. विठाबाई द्यायची. कुठून, ते त्यानं कधी विचारलं नाही.

त्यात गावच्या सोसायटीनं पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर सुकडी वाटायला त्यालाच बसवलं होतं. माती वाहणाऱ्यांना दुपारी मिळायची ती, ओंजळभर गोड भुगा. अशा पोत्यापाशी बसणाऱ्या माणसाचं पोट सुटलं, तर लोक काय बोलणार?

एके दुपारी ओळीतून बलभीम ओरडला, "मच्छिंदरा, काय सुटलं म्हनं तुझं?"

"बीडी."

"बीडी सुटली का पोट सुटलं? सुकडी लई मानवली गड्या तुला!"

ओळ फिदीफिदी हसली. मच्छिंद्रचा चेहरा काळाठिक्कर पडला. "आईची आण, चिमूटभर खाल्ली आसंल तर..." त्यानं ओळीत पुढं उभ्या गोरोबाच्या हातातली पेटती बीडी हिसकावली. "हे बघ, वढतो! खंगून वाळतो. मग तरी इमानदार म्हनशील?"

पहिला झुरका आत गेला आणि मागं पाटी आदळली. त्याच कामावर माती वाहणाऱ्या विठाबाईनं त्याच्या ओठांतली बीडी उपटून अनवाणी टाचेनं मातीत रगडली. चटका तिला जाणवलासुद्धा नाही.

"बलभीम भावजी, डोळं फुटलं का तुमचं?" तिनं हात वर केला. मनगटातल्या बांगड्या घरंगळत कोपरावर जाऊन थांबल्या. "ह्यांचं पोट दिसतंय, हे न्हाय दिसत? माझी भाकर ह्यांच्या पोटात जाती. म्या तुमच्यासंगं सुकडी खाते, त्याच्यावरच दीस काढते!"

मग ती नवऱ्याकडं वळली.

"आन तुमी! लोकाच्या तोंडाला भिऊन छाती जाळता? माझी समदी भाकर जाळली तुमी आत्ता. एका झुरक्यात!"

"मला सांगितलं का न्हाईस?"

"इचारलं का कधी?"

तिनं सुकडीचं माप उचलून बलभीमच्या हातात कोंबलं. "वाटा आता तुमीच. तुमचं काय सुटतंय, ते बघू." माती भरायची पाटी तिनं मच्छिंद्रच्या पुढ्यात लोटली. "तलफ आली की एक पाटी टाकून यायची. भाकर मागायची न्हाय." आणि सगळ्यांदेखत त्याचा सदरा वर करून तिनं करदोड्याची सैल गाठ सोडली, जुन्या जागी करकचून आवळली.

"काचतंय गं."

"काचू द्या. जेवताना काचला की उठायचं."

दुसऱ्या दिवशी बांधाच्या सावलीत मच्छिंद्रनं अर्धी भाकरी खाल्ली, उरलेली तिच्याकडं सरकवली आणि बाभळीची काडी चघळत बसला. अंगभर माती, हातांना फोड. विठाबाईचा राग उतरला नव्हता आणि इतक्यात उतरणारही नव्हता. तिनं बांगड्या कोपरावर सारल्या आणि भाकरी खाल्ली, शेवटच्या तुकड्यापर्यंत.